दोन पातेली

गॅसवर दोन पातेली होती. धाकट्या पातेल्यात आईसाठी सेंद्रिय पालक, मोठ्यात आम्हा बाकीच्यांसाठी नेहमीचा. तीन आठवडे असंच चाललं होतं. आईचं हिमोग्लोबिन बरंच खाली आलं होतं, गोळ्या सुरू होत्या, आणि डॉक्टरांनी उठता उठता 'पालेभाज्या वाढवा' एवढं म्हटलं होतं. ते एक वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. गोळ्यांचं काम गोळ्या करतील, भाजी माझ्या हातात होती, आणि त्यात मी काही कमी पडू देणार नव्हते. सेंद्रिय पालक आठवड्यातून एकदाच यायचा, तोही दोनच जुड्या. सगळ्यांना पुरेल इतका कधीच नाही. म्हणून तो फक्त आईचा. फ्रिजमध्ये त्याचा कप्पा वेगळा, पातेलं वेगळं, डावसुद्धा वेगळा. त्या संध्याकाळी आजारपणानंतर पहिल्यांदाच आई भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरापर्यंत आली. ओट्याला टेकून तिने दोन्ही झाकणं उचलून पाहिली. दोन्हीकडे तोच हिरवा रंग, तीच वाफ. "दोन कशाला गं?" तिने विचारलं. मी म्हणाले, "तुझा पालक ऑरगॅनिक आहे. त्यात सत्त्व जास्त असतं." ती जरा वेळ गप्प राहिली. मग मोठ्या पातेल्याकडे बोट करून म्हणाली, "आणि यात?"

मला काही बोलता आलं नाही.

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. पण रात्री अंथरुणावर पडले तरी तो प्रश्न जाईना. मोठ्या पातेल्यातला पालक माझी आठ वर्षांची लेक खात होती. एकात सत्त्व जास्त असेल तर दुसऱ्यात कमी असणार, आणि ते कमी सत्त्वाचं मी रोज स्वतःच्या हाताने लेकीच्या ताटात वाढत होते. शिवाय 'जास्त असतं' हे मी ज्या ठामपणे बोलले, तो ठामपणा आला कुठून? कुणी सांगितलं होतं, कुठे वाचलं होतं, काही आठवेना. सेंद्रिय या शब्दातच ते गृहीत धरलेलं होतं. पुढचे बरेच दिवस घर झोपलं की मी वाचत बसायचे. आईला आणि लेकीला दोघींनाही खरं उत्तर द्यायचं होतं.

पहिल्यांदा हाती लागला तो २००९ सालचा लंडनमधला आढावा. पन्नास वर्षांतली संशोधनं गोळा करून तिथल्या अभ्यासकांनी १६२ शोधनिबंध बाजूला काढले होते, आणि त्यातले ५५ च भरवशाचे म्हणून घेतले होते. निष्कर्ष असा, की बहुतेक पोषकद्रव्यांत सेंद्रिय आणि रासायनिक पिकांत सांगण्यासारखा फरक नाही. सेंद्रियमध्ये स्फुरद आणि आम्लता थोडी जास्त, रासायनिकमध्ये नत्र जास्त. एवढंच. वाचून मला चक्क वाईट वाटलं, कुणी माझ्या हातातलं काही काढून घेतल्यासारखं. २०१२ साली स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी पोषकद्रव्यं आणि भाजीवर राहिलेले कीटकनाशकांसारखे अंश यांबद्दलचे २२३ अभ्यास तपासले, तेही पोषणाच्या बाबतीत जवळपास तिथेच पोहोचले. मग २०१४ चा न्यूकॅसल विद्यापीठाचा आढावा मिळाला, ३४३ शोधनिबंधांचा, आणि त्यात सेंद्रिय पिकांत पॉलिफिनॉल गटातली, म्हणजे वनस्पती स्वतःच्या बचावासाठी करते ती द्रव्यं ठळकपणे जास्त निघाली होती. काही प्रकार एकोणीस-वीस टक्क्यांनी, काही पन्नास टक्क्यांच्या आसपास. त्या रात्री मला इतका आनंद झाला, की मग मी स्वतःलाच विचारलं, मला नक्की काय हवंय? आईच्या प्रश्नाचं उत्तर, की माझ्या धाकट्या पातेल्याचा विजय? दुसऱ्या दिवशी तिन्ही आढावे पुन्हा पहिल्यापासून वाचले. भांडण वाटतं तेवढं नव्हतं. जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजली तर फरक जेमतेम. ही बचावाची द्रव्यं मोजली तर फरक दिसतो. आणि मी ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करत होते ते लोह, ते तिन्ही आढाव्यांच्या ठळक निष्कर्षांत कुठेच नव्हतं.

आपल्याकडे 'कस' हा शब्द दोन्ही ठिकाणी चालतो. जमिनीचा कस आणि अन्नातला कस. लहानपणी आमच्या घरामागे आईने चार वाफे केले होते, आणि कडेला एक खड्डा, ज्यात पालापाचोळा, सालं, देठं सगळं जायचं. शाळेतून आले की मी वाफ्याच्या कडेला बसून पालकाचं कोवळं पान देठासकट तोंडात टाकायचे. आधी किंचित गोड, मग दातांवर तो खरखरीत थर, जो नंतर कळलं की पालकातल्या ऑक्झॅलेट नावाच्या क्षारामुळे येतो. आमच्या पालकाची पानं बाजारातल्या पानांपेक्षा लहान असायची, जाड असायची, आणि शिजवल्यावर फार आळायची नाहीत. मी विचारायचे, आपली मोठी का होत नाहीत? आई म्हणायची, "होतील. घाई करायची नाही. मातीला पचायला वेळ लागतो." तेव्हा मला वाटायचं, ती माझी समजूत काढतेय.

आता वाचताना त्या वाक्यापाशी मी पुन्हा येऊन थांबले. मुळाला नत्र शेणखतातून आलं की युरियाच्या पोत्यातून, हे कळत नाही. मातीतले जीवाणू दोन्हींचं रूपांतर बहुतांशी नायट्रेटमध्ये करतात, आणि मूळ ते शोषून घेतं. नायट्रेट ते नायट्रेट. फरक असतो तो वेगात. युरिया टाकला की नत्र भराभर हाताशी येतं, आणि रोप सगळी ताकद वाढीला लावतं. पानं मोठी, रसदार, पाणी जास्त. शेणखतातलं नत्र मातीतल्या जीवाणूंच्या गतीने, थोडं थोडं सुटतं. रोपाला ते जपून वापरावं लागतं, वाढ संथ होते, आणि पानात तयार होणारी साखर नुसत्या वाढीत न संपता ऊन आणि किडी यांच्यापासून बचाव करणाऱ्या द्रव्यांकडे वळते. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात टोमॅटोवर दहा वर्षं चाललेला एक अभ्यास आहे. एकाच ठिकाणी काही वाफे सेंद्रिय, काही रासायनिक, आणि १९९४ ते २००४ पर्यंतचे टोमॅटो वाळवून जपून ठेवलेले. सेंद्रिय टोमॅटोत याच बचावाच्या द्रव्यांपैकी क्वेर्सेटिन ७९ टक्क्यांनी आणि केम्फेरॉल ९७ टक्क्यांनी जास्त निघालं. पण माझं लक्ष आकड्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने वेधलं. हा फरक वर्षागणिक वाढत गेला होता. सेंद्रिय वाफ्यांतल्या मातीत सेंद्रिय अंश साठत गेला, पुढे तर खतही कमी लागायला लागलं, आणि तसतशी टोमॅटोत ही द्रव्यं वाढत गेली. मातीला पचायला वेळ लागला होता.

तरी एक गोष्ट मनाशी मान्य करावी लागली. ही द्रव्यं म्हणजे जीवनसत्त्वं नव्हेत. ती मिळाली नाहीत म्हणून स्कर्व्हीसारखा, पंडुरोगासारखा आजार होत नाही. आणि आईला लागत होतं ते लोह आणि फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व.

पूर्वीच्या भाज्यांना चव होती, असं आई नेहमी म्हणते. मी त्याला वयाचा भाग समजायचे. अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी २००४ मध्ये ४३ भाज्या-फळांचे १९५० आणि १९९९ मधले सरकारी पोषणतक्ते शेजारी शेजारी ठेवले. प्रथिनं, कॅल्शियम, स्फुरद, लोह, रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) आणि क जीवनसत्त्व, या सहांत सरासरीने घट दिसली. त्यांनी यासाठी मुख्यतः बोट दाखवलं ते वाणांकडे. पन्नास वर्षं आपण बियाणं निवडत आलो ते जास्त उत्पन्नासाठी. फळ मोठं झालं, झाड वजनदार झालं, पण त्यात उतरणारी खनिजं त्या मानाने वाढली नाहीत. पातळ झाली. हे वाचल्यावर सेंद्रिय या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. तो शब्द पीक कसं वाढवलं ते सांगतो. बी कुठलं लावलं, ते किती कोवळं काढलं, काढून किती दिवस झाले, हे तो सांगत नाही. भरघोस उत्पन्नाचं तेच बी सेंद्रिय शेतातही पडू शकतं. आई जी चव शोधते ती बियात, मातीत आणि काढणीच्या वेळेत अशी तीन ठिकाणी वाटली गेलेली आहे, आणि खोक्यावरच्या एका शिक्क्यात ती सगळी मावत नाही.

काढणीच्या वेळेपाशी आले, आणि मला फ्रिजमधला तो वेगळा कप्पा आठवला.

रात्रीचे साडेबारा झाले असतील. उठले, फ्रिज उघडला. आईची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. तो सहावा दिवस होता. आठवडाभर पुरावी म्हणून मी रोज मोजून मूठभर पानं काढायचे. फडकं उलगडलं. वरची पानं ठीक होती, पण आतली मान टाकून पडली होती. देठांची टोकं तपकिरी झाली होती, आणि मधलं एक पान बोटाला चिकटून निसटलं, त्याचा आंबूस वास आला. काढलेलं पान मेलेलं नसतं. ते श्वास घेत राहतं, साठवलेलं वापरत राहतं, आणि मुळाकडून नवं काही येत नसतं. मटाराच्या कोवळ्या दाण्यांतलं जवळपास निम्मं क जीवनसत्त्व पहिल्या एक-दोन दिवसांतच जातं. पेनसिल्व्हेनियातल्या अभ्यासकांनी पालकच घेतला होता. चार अंश सेल्सियसला, म्हणजे फ्रिजच्याच थंडीत, आठ दिवस ठेवल्यावर त्यातलं फोलेट आणि कॅरोटिनॉइड्स ही रंगद्रव्यं ४७ टक्क्यांनी कमी झाली होती. वीस अंशांवर तेवढीच घट व्हायला चार दिवस पुरले. फोलेट. रक्ताच्या नव्या पेशी व्हायला जे लागतं तेच. आणि मोठ्या पातेल्यातला पालक रोज सकाळी ताजा यायचा, त्याच दिवशी संपायचा. म्हणजे तीन आठवडे, अर्ध्याहून जास्त दिवस, आईच्या धाकट्या पातेल्यात माझ्या लेकीच्या पातेल्यापेक्षा कमी पडत होतं. मी ते फडकं हातात घेऊन फ्रिजच्या उजेडात किती वेळ उभी होते कोण जाणे. प्रेमाने राखून ठेवलं, आणि राखून ठेवण्यातच ते गेलं. अजूनही ते आठवलं की घशाशी येतं.

आणखी एक होतं. मी आईचा पालक भरपूर पाण्यात उकळून ते हिरवं पाणी ओतून द्यायचे. कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं, की पालकाचं पाणी काढावं. त्यात अर्धं तथ्य आहे, ऑक्झॅलेटचा बराच भाग त्या पाण्यात उतरतो. पण क जीवनसत्त्व आणि फोलेटही पाण्यात विरघळणारी. तीही सिंकमध्ये. पालकात लोह आहे, १०० ग्रॅम कच्च्या पानांत साधारण २.७ मिलिग्रॅम, पण ते शरीराला सहजी लागू पडत नाही. जेवताना सोबत क जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढतं. थोडक्यात, मी तीन आठवडे ज्या फरकासाठी धडपडले, त्यापेक्षा ताटात पिळलेल्या अर्ध्या लिंबाने लोहासाठी जास्त केलं असतं.

मग सेंद्रिय सोडून द्यायचं का? इथेही मन तयार होईना, आणि त्याचं कारण पोषणतक्त्यात नव्हतं. फवारणीच्या द्रव्याला आपण 'औषध' म्हणतो. औषध मारलेली भाजी. हा शब्द मी आयुष्यभर वापरला, पण आईच्या उशाशी गोळ्यांचा डबा आल्यावर तो कानाला वेगळा लागायला लागला. स्टॅनफर्डच्याच आढाव्यात सेंद्रिय नमुन्यांपैकी ७ टक्क्यांत कीटकनाशकाचे अंश सापडले, नेहमीच्या नमुन्यांत ३८ टक्क्यांत. बहुतेक ठिकाणी ते कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आत. न्यूकॅसलच्या आढाव्यातही असे अंश नेहमीच्या पिकांत चौपट वेळा आढळले, आणि कॅडमियम हा विषारी धातू सेंद्रियमध्ये सरासरी ४८ टक्के कमी निघाला. सिअ‍ॅटलमध्ये २३ शाळकरी मुलांचं नेहमीचं जेवण पाच दिवस सेंद्रिय करून बघितलं, तर मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांच्या खुणा त्यांच्या लघवीतून जवळजवळ लगेच नाहीशा झाल्या, आणि जुनं जेवण सुरू होताच परत आल्या. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. लेकीकडे बघत मी हे वाचलं. सेंद्रिय शेतीतही फवारण्या असतात, तांब्याच्या क्षारांसारख्या काही गोष्टी तिथे चालतात, हे मला माहीत आहे. तरी या एका बाबतीत फरक खरा आहे, मोजता येण्यासारखा आहे, आणि माझ्यासाठी तो सत्त्वाच्या फरकापेक्षा मोठा आहे.

त्यामागे एक आठवणही आहे. मी बारा-तेरा वर्षांची असेन. सकाळची वेळ, ऊन नुकतं वर आलेलं, आणि भाजीच्या शेतात एक माणूस पाठीवर पंप घेऊन फवारत चालला होता. तोंडाला जुनं फडकं बांधलेलं, पाय अनवाणी. फवाऱ्याचं धुकं उन्हात क्षणभर सोनेरी दिसायचं, आणि वारा फिरला की त्याच्याच अंगावर यायचं. आम्ही पोरं बांधावरून जात होतो. त्याने आम्हाला बघितलं, पंप थांबवला, आणि हात हलवून खुणेने सांगितलं, लांबून जा, इकडे येऊ नका. आम्ही लांबून गेलो. मागे वळून पाहिलं तर तो पुन्हा त्या धुक्यात शिरला होता. भाजी धुता येते. अंश मर्यादेच्या आत आहेत की नाही, ते तपासता येतं. पण त्या माणसाने पहाटेपासून दुपारपर्यंत श्वासातून किती घेतलं, ते भाजीच्या कुठल्या तक्त्यात येणार? सेंद्रिय की नेहमीचं असा विषय निघाला, की लोक आपल्या ताटापुरतं बोलतात. मीही आईच्या ताटापुरतंच बोलत होते.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. एक दिवस मी आईच्या वाटीतली भाजी वजनकाट्यावर ठेवली. साठ ग्रॅमसुद्धा भरली नाही. दोन जुड्या आठवडाभर पुरवायच्या तर तेवढीच येणार. आणि तिला आणखी हवी असायची, हे मला नंतर कळलं. "मोठ्यातली थोडी घेऊ का, असं विचारणार होते," ती म्हणाली, "पण तू एवढं जपून वेगळं करतेस, तुला वाईट वाटेल म्हणून नाही विचारलं."

मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. सहाव्या दिवसाचं, सिंकमध्ये ओतलेल्या पाण्याचं, वाटीच्या वजनाचं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मग आता पातेलं कुठलं?"

आता मोठं. सेंद्रिय पालक ज्या दिवशी येतो त्याच दिवशी दोन्ही जुड्या संपतात, सगळ्यांच्यात. बाकीचे दिवस नेहमीचा, चांगला धुतलेला, थोड्या पाण्यात झाकून शिजवलेला. पालक निवडायचं काम आईने परत स्वतःकडे घेतलंय. मांडीवर वर्तमानपत्र पसरून ती बसते, लेक शेजारी. प्रत्येक जुडीची मुळं ती आधी नाकाशी नेते. ओल्या मातीचा तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात, आणि माणसाच्या नाकाला त्याचा अगदी पुसटसा अंशही कळतो. हे मी लेकीला सांगितलं. तेव्हापासून तीही आजीसारखी मुळं हुंगते, डोळे मिटून, आणि म्हणते, "आजी, हिला येतोय. हिला नाही येत." आई मान हलवते. सेंद्रिय कुठली आणि नेहमीची कुठली हे दोघीही विचारत नाहीत, आणि पानं एकाच ढिगात पडतात.

धाकटं पातेलं बाल्कनीत गेलंय. तळाशी थोडी माती घालून ठेवलीय, आणि निवडून झालं की मुळं, पिवळी पानं, देठं त्यात पडतात. परवा लेकीने काडीने ढवळून बघितलं आणि विचारलं, याचं खत कधी होणार? आई आतून म्हणाली, "होईल. घाई करायची नाही."